पाणी असणे आणि पाणी टिकणे



२०१८ सालचा उन्हाळा यवतमाळ शहरातील कोणतेही कुटुंब सहजासहजी विसरणार नाही. २०१७ चा पावसाळा अपुरा झाला, निळोणा आणि चापडोह हे शहराला पाणी पुरविणारे दोन्ही तलाव आटले आणि नळाला पाणी कधी येईल याची वाट पाहण्यात घरोघरी दिवस गेले. टँकरभोवती घागरी, हंडे आणि प्लास्टिकच्या कॅनची रांग लागे. त्या रांगेत आपल्या आया-बहिणी तर होत्याच, पण शाळेत जाणारी मुले-मुलीही होती. ज्या मुलीची सकाळ रांगेत जाते, तिचा अभ्यास कधी व्हायचा, हा प्रश्न शिक्षणाची आस्था असणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा असा आहे.

आता याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट पाहा. आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. राज्यातील अवर्षणप्रवण भागांत याच्या निम्म्यावर समाधान मानणारी गावे पुष्कळ आहेत. मग आपल्याकडे टंचाई का? मिळकत चांगली असूनही महिनाअखेरीस ज्या घरात उधारी करावी लागते, त्या घराबद्दल आपण काय म्हणतो? मिळकत आहे, पण शिल्लक राहत नाही. पाण्याचेही तसेच आहे. पाणी असणे निराळे आणि पाणी टिकणे निराळे. हा फरक केवळ यवतमाळपुरता नाही. आकाशातील ग्रहांचा इतिहासही याच एका फरकाभोवती फिरतो. तो इतिहास माणसाला कसा कळत गेला, हे या लेखात थोडक्यात पाहावयाचे आहे.

विहिरीतले पाणी येते कोठून?

हा प्रश्न सोपा वाटतो, परंतु त्याचे उत्तर मिळण्यास माणसाला दोन हजार वर्षे लागली. प्राचीन ग्रीक विद्वानांना वाटे की पावसाचे पाणी एवढ्या नद्यांना पुरणे शक्य नाही. समुद्राचे पाणी जमिनीखालून डोंगरात चढत असावे किंवा भूगर्भातील गुहांत हवेचेच पाणी होत असावे, असे तर्क त्यांनी केले. ॲरिस्टॉटलसारख्या थोर विचारवंताचाही यातील एका तर्कावर भर होता.

अकराव्या शतकाच्या प्रारंभी बगदादमध्ये काम करून नंतर इराणात परतलेल्या अल्-करजी या गणितज्ञाने भूगर्भातील लपलेले पाणी बाहेर काढण्याच्या विद्येवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. बीजगणितात नाव मिळविलेल्या या माणसाला विहिरी खोदणाऱ्यांच्या कामात रस वाटला, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाऊस आणि बर्फाचे पाणी जमिनीत मुरते व तेच पुढे झऱ्यांतून बाहेर येते, हे त्याने ओळखले होते. उतार मोजून भुयारी पाट कसा न्यावा, त्यासाठी कोणती उपकरणे वापरावीत, याचेही वर्णन त्याने केले आहे.

ही विद्या आपल्या दख्खनमध्येही आली. सतराव्या शतकात मलिक अंबर याने आपल्या खडकी या नगरासाठी, म्हणजे पुढच्या औरंगाबादसाठी आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, ‘नहर-ए-अंबरी’ बांधली. डोंगराकडच्या जमिनीत मुरलेले पाणी भुयारी पाटातून, केवळ उताराच्या बळावर, शहरातील हौदांपर्यंत आणले. मोट नाही, रहाट नाही, पंप तर नाहीच. ज्या काळ्या खडकावर हे काम झाले, तोच खडक आपल्या जिल्ह्याच्या बहुतांश भागाखाली आहे.

अखेरचा पुरावा मिळाला तो साध्या मोजमापाने. १६७४ साली पिएर पेरो या फ्रेंच गृहस्थाने सेन नदीच्या उगमाकडील भागात किती पाऊस पडतो आणि नदीतून किती पाणी वाहते, याचा हिशेब मांडला. पाऊस नदीच्या पाण्याच्या सुमारे सहापट भरला! पावसाचे पाणी नद्यांना पुरत नाही, हा जुना समज एका बेरीज-वजाबाकीने संपला. पुढे इंग्लंडच्या एडमंड हॅलीने, ज्याच्या नावाचा धूमकेतू प्रसिद्ध आहे, समुद्रातून केवढी वाफ उठते याचे गणित केले. समुद्र, वाफ, ढग, पाऊस, जमीन, नदी आणि पुन्हा समुद्र असे जलचक्र पूर्ण झाले.

पाणी हे मूलतत्त्व नव्हे, हे कळण्यास आणखी शंभर वर्षे गेली. हेन्री कॅव्हेंडिश याने हायड्रोजन हवेत जाळला, तेव्हा भांड्याच्या भिंतीवर पाण्याचे थेंब जमले. १७८३ मध्ये लाव्हाझिए याने जाहीर केले की पाणी हे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे संयुग आहे. या शोधाचे महत्त्व पुढे ग्रहांचा विचार करताना दिसेल. कारण हायड्रोजन हा विश्वात सर्वांत विपुल असलेला वायू आहे आणि ऑक्सिजनचीही तेथे कमतरता नाही. तेव्हा पाणी विश्वात दुर्मिळ असण्याचे कारणच नाही. दुर्मिळ आहे ते वाहते, टिकलेले पाणी.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला भेगा पडून लाव्हारसाचे लोट वाहिले. एकावर एक थर साचत गेले आणि बेसाल्ट नावाचा काळा पाषाण तयार झाला. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड हा सारा मुलूख त्यावर वसलेला आहे. पूर्वेकडे वणीच्या बाजूला मात्र खडक बदलतो. तेथे चुनखडी आणि कोळसा सापडतो.

विहीर खणताना आपल्या वडीलधाऱ्यांनी हे थर डोळ्यांनी पाहिले आहेत. वर काळी माती, खाली मुरूम, मग फटींचा खडक आणि त्याखाली सुरुंगालाही दाद न देणारा घट्ट पाषाण. मध्येच एखादा तांबडा गेरूसारखा थर लागतो. दोन लाव्हांच्या मध्ये जो निवांत काळ गेला, त्यात वरचा खडक झिजून तो थर झाला. पाणी राहते ते मुरमात आणि फटींत. घट्ट पाषाणात ते जवळजवळ शिरतच नाही. उत्तरेकडील गंगेच्या मैदानात शंभर घागरी मावतील एवढ्या जागेतील भिजलेल्या रेतीतून बारा ते वीस घागरी पाणी मिळू शकते. तेवढ्याच झिजलेल्या बेसाल्टमधून मिळते एक ते तीन घागरी. म्हणजे आमची तिजोरीच लहान! पाणाड्याच्या हातातील नारळ किंवा फांदी फिरो वा न फिरो, खडकाचा हा हिशेब बदलत नाही.

पाणी लागत नाही म्हणून आपण बोअर आणखी खोल नेतो. त्यातही एक धोका आहे. खोलवरचे पाणी खडकाच्या सहवासात फार काळ राहिलेले असते आणि खडकातील क्षार त्यात उतरतात. केळापूर व झरी-जामणी भागातील काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळले आहे. एका लिटरमध्ये दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे प्याले तर मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे जखडतात. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. तेव्हा पालकहो, नव्या बोअरचे पाणी मुलांना देण्यापूर्वी प्रयोगशाळेत अवश्य तपासून घ्या.

शेजारच्या ग्रहांची कहाणी

आता जरा वर पाहू. शुक्र आणि मंगळ हे पृथ्वीचे दोन सख्खे शेजारी. तिघांचा जन्म एकाच वेळी, एकाच सूर्याभोवती झाला. तिघांनाही आरंभी पाण्याचा वाटा मिळाला असावा, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. मग आज एकाच्याच घरी समुद्र का?

शुक्र आकाराने पृथ्वीएवढाच, पण सूर्याच्या अधिक जवळ. तेथे उष्णतेने पाण्याची वाफ होऊन ती उंच गेली. सूर्याच्या अतिनील किरणांनी वाफेचे तुकडे झाले आणि हलका हायड्रोजन अवकाशात निसटला. हे कशावरून समजले? हायड्रोजनचा एक जड भाऊ आहे, ड्युटेरियम. तो जड असल्याने सहज निसटत नाही. १९७८ मध्ये शुक्राकडे गेलेल्या ‘पायोनियर व्हीनस’ यानाने मोजले, तेव्हा तेथे ड्युटेरियमचे प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटीहून अधिक निघाले. पाखडताना हलका कोंडा उडून जावा आणि सुपात जड दाणे राहावेत, तसे हे झाले. राहिलेल्या दाण्यांवरून किती कोंडा उडाला याचा अंदाज करता येतो. आज शुक्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६० अंश सेल्सिअस आहे.

मंगळाची कथा अधिक मनोरंजक आहे, कारण तीत माणसाच्या चुकाही आहेत. १८७७ साली इटलीच्या स्कियापारेली याला दुर्बिणीतून मंगळावर रेघा दिसल्या. त्याने इटालियन भाषेत त्यांना पाट किंवा चर अशा अर्थाचा शब्द वापरला. इंग्रजीत त्याचा अर्थ खणलेले कालवे असा झाला. अमेरिकेच्या पर्सिव्हल लोवेल याने तर मंगळावरील तहानलेल्या लोकांनी ध्रुवावरून पाणी आणण्यासाठी हे कालवे बांधले, असे मोठ्या विश्वासाने लिहिले. १९६५ मध्ये ‘मरिनर-४’ यानाने जवळून छायाचित्रे घेतली आणि कालवे नाहीसे झाले. दिसले ते केवळ खड्डे.

पण गोष्ट तेथे संपली नाही. १९७१ साली ‘मरिनर-९’ मंगळाभोवती फिरू लागले आणि धुळीचे प्रचंड वादळ ओसरल्यावर त्याच्या छायाचित्रांत कोरड्या नद्यांची खोरी दिसली. खणलेले कालवे नव्हते, पण वाहिलेल्या नद्या होत्या! २००८ मध्ये ‘फिनिक्स’ यानाने माती उकरली, तेव्हा खाली बर्फ सापडला. २०१२ मध्ये उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ गाडीला नदीच्या पात्रात असतात तसे गोल गुळगुळीत गोटे दिसले. पैनगंगेच्या पात्रातला गोटा हातात घेऊन पाहा, तो गोल का झाला हे लहान मूलही सांगेल. २०२१ मध्ये ‘पर्सिव्हरन्स’ गाडी जेथे उतरली, तेथे एके काळी सरोवर होते आणि त्याला मिळणाऱ्या नदीने आपला त्रिभुज प्रदेशही तयार केला होता.

येथे आपल्या जिल्ह्याचा आणि मंगळाचा एक दुवा सांगितलाच पाहिजे. २०२१ साली वणी-पांढरकवडा भागातील शिबला-पार्डी येथे बेसाल्टचे षट्कोनी खांब आढळल्याची बातमी आली. लाव्हा थंड होताना आकसतो व त्याला अशा सुबक भेगा पडतात. मंगळावरही तसेच खांब एका खड्ड्याच्या भिंतीत दिसले आणि २००९ मध्ये त्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तेथील लाव्हा निवताना त्यावर पाणी आले असावे, असे त्या शास्त्रज्ञांना वाटते. तसेच आपल्या वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्यात बेसाल्टमध्ये उल्केच्या आघाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर आहे. मंगळावरील विवरेही पुष्कळशी बेसाल्टमध्येच आहेत. म्हणून मंगळाचे अभ्यासक लोणारला येतात. आपल्या परिसरातील काळा दगड हा असा परग्रहाचा धडाच आहे.

मग मंगळावरचे पाणी गेले कोठे? मंगळाचा व्यास पृथ्वीच्या निम्मा, गुरुत्वाकर्षण सुमारे ३८ टक्के. त्याचे अंतरंग लवकर थंडावले आणि सुमारे चार अब्ज वर्षांपूर्वी त्याचे चुंबकीय कवच नाहीसे झाले. सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताने वातावरण हळूहळू खरवडून नेले. काही पाणी अवकाशात गेले, काही खडकांत मुरून बसले, काही बर्फ होऊन राहिले. भारताचे मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी तेथे पोहोचले. त्याच्यावरील एक उपकरण हायड्रोजन आणि त्याचा जड भाऊ यांचे प्रमाण मोजण्यासाठीच तयार केलेले होते. त्यामागचे तत्त्व सुपातल्या दाण्यांचेच.

विद्यार्थ्यांनी घरी एक प्रयोग करावा. सुई नसलेली नवी सिरिंज घ्या. मोठ्या माणसाला सोबत घेऊन तिच्यात थोडे गरम, पण उकळते नव्हे असे पाणी ओढा. आतली हवा काढून टाका, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दांडा जोराने मागे खेचा. चूल नाही, जाळ नाही, तरी पाणी उकळू लागलेले दिसेल! दाब कमी झाला की पाणी कमी उष्णतेतही उकळते. मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. तेथे घागरभर पाणी ओतले तर त्याचे काही उकळून जाईल आणि उरलेल्याचा बर्फ होईल. वाहते पाणी टिकविण्यासाठी केवळ पाणी पुरत नाही, त्याच्यावर हवेचे पांघरूणही लागते.

चंद्र आणि बर्फाळ उपग्रह

चंद्र तर कोरडाठणठणीत समजला जाई. १४ नोव्हेंबर २००८ रोजी आपल्या चांद्रयान-१ मधील एक शोधक चंद्रावर आदळविण्यात आला आणि २००९ च्या सप्टेंबरमध्ये याच यानावरील उपकरणाच्या आधारे चंद्राच्या मातीत पाण्याचे अंश असल्याचे जाहीर झाले. ध्रुवाजवळच्या ज्या खड्ड्यांत कधीच ऊन पोहोचत नाही, तेथे बर्फ टिकून राहिला आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाकडच्या प्रदेशात उतरले, त्या प्रदेशाविषयी जगाला एवढे कुतूहल वाटण्याचे एक कारण हेच.

त्याहून दूर, गुरूचा युरोपा हा उपग्रह गॅलिलिओने १६१० मध्येच पाहिला होता. त्याच्या बर्फाच्या कवचाखाली महासागर असावा आणि त्यात पृथ्वीवरील सर्व समुद्रांच्या सुमारे दुप्पट पाणी असावे, असा आजचा अंदाज आहे. तो तपासण्यासाठी ‘युरोपा क्लिपर’ यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाले आहे. शनीच्या एन्सेलाडसवरून पाण्याचे फवारे अवकाशात उडताना ‘कॅसिनी’ यानाने २००५ मध्ये पाहिले. त्या फवाऱ्यांतील सूक्ष्म कणांवरून तेथील समुद्राच्या तळाशी गरम पाण्याचे झरे असावेत, असे शास्त्रज्ञ म्हणतात. गरम झरे आपल्याला नवे नाहीत. पैनगंगेच्या परिसरात उनकेश्वर आणि आपल्या जिल्ह्याच्या बाजूस कापेश्वर येथे जमिनीतून गरम पाणी येते. जमिनीत खोल गेलेले पाणी तापून परत वर येते, एवढाच त्याचा अर्थ.

पृथ्वीने पाणी कसे राखले?

पृथ्वी सूर्यापासून बेताच्या अंतरावर आहे. तिचे गुरुत्वाकर्षण हवा धरून ठेवण्याइतके आहे, चुंबकीय कवच शाबूत आहे. त्याखेरीज तिची एक युक्ती आहे. वाफ वर चढत गेली की दहा-पंधरा किलोमीटरच्या उंचीवर हवा इतकी थंड असते की वाफेचा बर्फ होऊन ती खालीच राहते. स्वयंपाकघरात पातेल्यावर थंड झाकण ठेवले की वाफ थेंब होऊन परत पातेल्यात पडते, तसेच. शुक्राला हे झाकण राखता आले नाही. पृथ्वीने खर्च केलेले पाणी परत आपल्याच खात्यात जमा करून घेतले आणि म्हणून समुद्र अब्जावधी वर्षे टिकले.

तरीही आपल्या वाट्याचे गोडे पाणी किती? पृथ्वीवरील एकूण पाण्यापैकी सुमारे ९७ टक्के खारे. उरलेल्या गोड्या पाण्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग बर्फात अडकलेला, आणि राहिलेले बहुतेक जमिनीखाली. नद्या आणि तलाव मिळून गोड्या पाण्याचा एक टक्काही होत नाही. म्हणजे आपली खरी शिल्लक आपल्या पायाखाली आहे.

आपले कर्तव्य

ही जाणीव आपल्या जिल्ह्याला नवी नाही. पुसद तालुक्याचे सुपुत्र सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना १९९२ साली राज्यात जलसंधारणाचे स्वतंत्र खाते सुरू झाले. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे शब्द तेव्हापासून गावोगावी पोहोचले. १० मे हा त्यांचा स्मृतिदिन जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. त्या चार शब्दांत शास्त्र आहे. वाहत्या पाण्याला थांबवा आणि मुरमाच्या थराला ते पिण्यास वेळ द्या. उतारावरील चर, नाल्यावरील बांध, विहिरीचे पुनर्भरण ही सारी पृथ्वीच्या त्या झाकणाचीच कामे आहेत. पाणी निसटू द्यायचे नाही, एवढाच त्यांचा हेतू.

शेवटी एक हिशेब मांडू, पेरोने मांडला तसा. तुमच्या घराचे किंवा शाळेचे छत १०० चौरस मीटर आहे असे समजा. ९०० मिलिमीटर पावसात त्यावर ९० हजार लिटर पाणी पडते. वाया जाणारे वजा केले तरी ७० हजार लिटर सहज हाती येते. पाच माणसांच्या कुटुंबाला दरडोई दिवसाला ५५ लिटर धरले तर हे पाणी आठ महिन्यांहून अधिक पुरेल एवढे आहे. आज ते पन्हाळीतून गल्लीत, गल्लीतून नाल्यात आणि नाल्यातून नदीत निघून जाते. ते सर्व साठविता येणार नाही, हे खरे. परंतु गाळून-स्वच्छ करून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडणे बहुतेकांना शक्य आहे.

विद्यार्थी मित्रहो, येत्या पावसाळ्यात आपल्या शाळेच्या छताची लांबी-रुंदी मोजा, दररोजचा पाऊस वहीत टिपा आणि किती पाणी वाहून गेले याचा आकडा काढून आपल्या शिक्षकांना दाखवा. विहिरीची पातळीही दर महिन्याला दोरी सोडून मोजा. दोरी आणि वही एवढ्या साहित्यावरही शास्त्राचा आरंभ होऊ शकतो. आणि पालकहो, मुलाने तो आकडा घरी आणला तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. मंगळाला आपली चूक सुधारण्याची संधी नव्हती. आपल्याला ती दर जून महिन्यात मिळते.